व्हॅन किती दिवस उभी राहिली?

हैदराबादेत व्हॅन घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज काय देते? काचीगुडा-बरकतपुऱ्यात डबे आणि केटरिंग करणारी मराठी घरं असोत, बेगम बाजारातून किराणा उचलून उपनगरांत पोचवणारे असोत, की सुट्टीत तुळजापूर-पंढरपूरला अख्खं घर घेऊन जायला मोठी गाडी शोधणारे असोत, ओळखीच्या व्हॅनमालकाला गाठून आपण हेच विचारतो. तोही अभिमानाने आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर पाच-सात लाखांचा निर्णय होऊन जातो. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. मालकाला आधी विचारावं ते हे : गेल्या वर्षात गाडी किती दिवस उभी राहिली, कशामुळे राहिली आणि त्या दिवसांत तुमचं काम कसं भागलं? व्हॅन ही हौसेची गाडी नसते, तिच्यावर कुणाचा तरी धंदा, कुणाची तरी शाळेची वेळ अवलंबून असते. म्हणून तिचा भरवसा आणि तिचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या की हिशेब चुकतो. भरवसा हाच खर्चाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी मोजला जाणारा भाग आहे.

आकडे मांडून पाहू. समजा एका केटरिंगवाल्याची व्हॅन दिवसाला ५० किलोमीटर, वर्षात ३०० दिवस, म्हणजे १५,००० किलोमीटर धावते. रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाख लागले आणि पाच वर्षांनी ती पावणेतीन लाखांना विकली, तर वर्षाला ७५,००० रुपये नुसत्या घसाऱ्यात गेले. विम्याला २५,००० धरू, देखभालीला १५,०००, टायरसाठी वर्षाकाठी ५,०००. सीएनजी किलोला ९६ रुपये आणि गर्दीत गाडी किलोमागे २२ किलोमीटर देते असं मानलं, तर किलोमीटरला ४ रुपये ३६ पैसे पडतात, वर्षाचे साधारण ६५,५००. सगळी बेरीज १,८५,५००, म्हणजे किलोमीटरला सव्वाबारा रुपयांच्या थोडं वर. कर्जाचं व्याज आणि ड्रायव्हरचा पगार यात धरलेला नाही. तुमच्या दिवशीचे दर घालून पाहा, प्रमाण फारसं हलणार नाही : इंधन एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाहून जरा जास्त. आता शेजाऱ्याची गाडी तुमच्यापेक्षा किलोमागे दोन किलोमीटर जास्त देत असेल, तर त्याचे वर्षाला वाचतात साडेपाच हजारांच्या आसपास. उलट तुमची गाडी गॅरेजात पडली आणि ऑर्डर पोचवायला भाड्याचा टेम्पो बोलवावा लागला, तर दिवसाला दीड हजार धरायलाच हवेत. असे चार दिवस झाले की ॲव्हरेजची वर्षभराची बचत संपली. शिवाय गाडी दारात उभी असली तरी घसारा आणि विमा मिळून दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास रुपये जातच असतात. मुहूर्ताचं जेवण मांडवात उशिरा पोचलं, तर पुढच्या हंगामात त्या घरातून फोन येत नाही, तो तोटा तर कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

यावर सरळ आक्षेप येतो. इंधन रोज भरावं लागतं, दुरुस्ती कधीतरी येते. मग रोजच्या खर्चाकडे आधी पाहणं चूक कसं? ते चूक नाहीच. पण रोजचा खर्च डोळ्यांसमोर असतो म्हणून तो नजरेतून सुटत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च एकदम येतो म्हणून त्याला आपण नशिबाच्या खात्यात टाकतो. दुसरं असं की एकाच वर्गातल्या, एकाच इंधनावरच्या दोन व्हॅनच्या ॲव्हरेजमधला फरक लहान असतो, तर एकाच मॉडेलच्या दोन मालकांच्या उभ्या दिवसांतला फरक मोठा असू शकतो. ज्या गोष्टीत फरक मोठा आणि जी बऱ्याच अंशी आपल्या हातात, तिच्याकडे लक्ष दिलं तर पैसे वाचतात.

उभे दिवस येतात कुठून, हे कळायला गाडीच्या पोटात डोकावायला हवं. आपल्याकडची सगळ्यात परिचित छोटी व्हॅन म्हणजे मारुती ईको, २०१० साली आलेली. हिचं इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद जाते मागच्या चाकांना, आणि रेडिएटर मात्र गाडीच्या नाकाशी. म्हणजे कूलंटला पुढून मागे आणि मागून पुढे लांबचा फेरा. पाइप जितके लांब आणि सांधे जितके जास्त, तितक्या गळतीच्या जागा जास्त. त्यात हैदराबादचा मे महिना, त्यात सिग्नलला उभी राहून चालू असलेली गाडी, आणि त्यात आपली जुनी सवय : कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायचं. शहरात ठिकठिकाणी बोअरचं पाणी जड आहे, ज्या पाण्याने घरातल्या गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जातं. नळ्या चोंदतात, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि गाडी तीन-चार दिवस गॅरेजात. कूलंटचा डबा काही शे रुपयांचा, हेडचं काम काही हजारांचं. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना, सीट उचलून टॉर्चच्या उजेडात पाइपाच्या प्रत्येक तोंडाशी क्लिपभोवती बोट फिरवा. तिथे वाळलेला पांढरट किंवा रंगीत थर लागला, की तो गळून सुकलेला कूलंट समजा. अजून थेंब पडत नसेल, काटा चढत नसेल, पण ती क्लिप किंवा तो पाइप त्याच आठवड्यात बदलायचा आहे. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.

दुसरा कारणीभूत भाग क्लच. ज्युबिली हिल्स-बंजारा हिल्सच्या चढांवर, अमीरपेठेच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय ज्याला असते, त्याची क्लच प्लेट निम्म्या आयुष्यात जाते. तेच मॉडेल, तोच रस्ता, फक्त पाय वेगळा. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं, कारण क्लचचं बिल मालक भरतो आणि सवय ड्रायव्हरची असते. तिसरी गोष्ट वजन. प्रत्येक मालवाहू गाडीला कंपनीने किती किलो न्यायचे ते ठरवून दिलेलं असतं. कागदपत्रांत एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, दोघांतला फरक म्हणजे ड्रायव्हरसकट तुमची मर्यादा. पातेली, शेगड्या, सिलिंडर, पाण्याचे जार आणि वर चार वाढपी असं भरलं की ती मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही. मग बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट, ब्रेक शू आणि टायर हे सगळे एकामागून एक हाक मारू लागतात, आणि मालक म्हणतो की गाडीच खराब निघाली.

गाडी चांगली असूनही मालक बुडू शकतो, याचं उदाहरण हैदराबादच्या दारातच आहे. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने चार कंपन्या हलकी व्यापारी वाहनं बनवू लागल्या : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि आपल्या हैदराबादच्या ऑल्विनची ऑल्विन निसान, जिचा कारखाना मुंबई रस्त्यावर जहीराबादला उभा राहिला. यंत्रं उत्तम होती. पण बरेच भाग जपानहून यायचे आणि त्याच काळात येनचा भाव चढत गेला, तसतसे ते महाग होत गेले. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली. तिचे भाग इथलेच होते, आणि तिच्यावर हात चालवणारा मेकॅनिक गावोगाव सापडत होता. पुढे जहीराबादचा कारखाना महिंद्राकडे गेला आणि ४०७ आजही रस्त्यावर आहे. गाडीचा भरवसा अर्धा तिच्या लोखंडात असतो आणि अर्धा आपल्या रस्त्यावरच्या मेकॅनिकच्या कपाटात असतो. म्हणून व्हॅन निवडताना राणीगंजच्या स्पेअरच्या दुकानांत किंवा वनस्थळीपुरमच्या ऑटोनगरात एक चक्कर मारा. क्लच प्लेट, वॉटर पंप, पुढचा बंपर आणि दाराचं हँडल या चार वस्तू आज हातात मिळतील का आणि किती रुपयांना, एवढं तीन दुकानांत विचारा. "दोन दिवसांनी मागवून देतो" असं उत्तर आलं, तर ते दोन दिवस तुमचे उभे दिवस आहेत.

मालकांच्या अनुभवाबद्दल आणखी एक शंका रास्त आहे. मालक आपल्या खरेदीची बाजू घेणारच, त्याचं ऐकायचं कशाला? ऐकायचं, पण मत बाजूला ठेवून नोंद ऐकायची. "काही त्रास नाही" हे मत झालं. "सत्तर हजारांवर क्लच बदलला, एक लाख दहा हजारांवर वॉटर पंप" ही नोंद झाली. पहिल्या वर्षातल्या मालकाला फार विचारून उपयोग नाही, गाडीचा खरा स्वभाव एक लाख किलोमीटरच्या पुढे दिसतो. मालक स्वतः चालवतो की ड्रायव्हर, माल नेतो की माणसं, रोज शहरात की रिंग रोडवर, हे विचारल्याशिवाय त्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. १५८ किलोमीटरच्या आउटर रिंग रोडवर सरळ धावणारी व्हॅन आणि सुलतान बाजारात दर पन्नास पावलांवर थांबणारी व्हॅन, दोघींचं ॲव्हरेज एकाच नावाखाली सांगितलं जातं. ज्यांनी वैतागून गाडी विकली ते स्टँडवर भेटत नाहीत, तिथे भेटतात ते टिकलेले मालक, म्हणून नुसत्या स्टँडवर विचारलं तर चित्र गोड दिसतं. विकलेल्यांची बाजू जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आणि मेकॅनिककडे कळते. मेकॅनिकला तर एकच विचारा : या मॉडेलच्या गाड्या तुझ्याकडे कशासाठी येतात? तो सरळ सांगतो, कारण त्याला ती गाडी तुम्हाला विकायची नसते.

इंधनाचा प्रश्न आता, त्याच्या योग्य जागी. २०२४ च्या मार्चमधल्या दोन रुपयांच्या कपातीनंतरही हैदराबादेत पेट्रोल लिटरला १०७ रुपयांच्या वर राहिलं. कंपनी ईकोचं ॲव्हरेज पेट्रोलवर वीसच्या आसपास आणि सीएनजीवर किलोला सत्तावीसच्या आसपास सांगते, शहरात अनुक्रमे १६ आणि २२ धरणं शहाणपणाचं. मग पेट्रोलवर किलोमीटरला पावणेसात रुपये आणि सीएनजीवर चार रुपये छत्तीस पैसे, फरक साधारण दोन रुपये पस्तीस पैशांचा. सीएनजी गाडी नव्वद हजारांनी महाग पडत असेल, तर ते वसूल व्हायला ३८,००० किलोमीटर लागतात. वर्षाला १५,००० चालवणाऱ्याला अडीच वर्षं, वर्षाला पाच हजार चालवणाऱ्याला साडेसात. या दुसऱ्या माणसाने सीएनजी घेणं म्हणजे आज पैसे देऊन उद्याची आशा विकत घेणं. शिवाय सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि पंपावरची रांग हाही वेळच असतो. भाग्यनगर गॅसचा पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का, ते गाडी घेण्याआधी सकाळी सात वाजता तिथे जाऊन पाहा. डिझेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे : लांबच्या रस्त्यावर ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या मोठ्या गाडीला ते शोभतं, शहरातल्या तुटक फेऱ्यांना नाही. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, वेगाने धावावी लागते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो फिल्टर भरत जातो, दिवा लागतो, ताकद उतरते, आणि ते काम रस्त्यावरच्या मेकॅनिकच्या हातचं नसतं.

इलेक्ट्रिकचं काय, असं कुणी विचारेलच. तेलंगणाने नोव्हेंबर २०२४ पासून इलेक्ट्रिक वाहनांना रस्ता कर आणि नोंदणी शुल्क पूर्ण माफ केलं आहे, ती सवलत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. टाटा एस ईव्हीसारखी छोटी मालगाडी ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या जागी रात्री चार्ज होणार असेल तर किलोमीटरचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहूनही खाली येतो. पण अपार्टमेंटच्या तळघरात स्वतःचा प्लग नसेल तर बाकी गणित मांडायचंही कारण नाही.

कागदपत्रांकडे लोक खर्च म्हणून पाहत नाहीत, तिथेच मोठी चूक होते. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीचा तृतीयपक्ष विमा वर्षाला ३,४१६ रुपये, आणि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा १६,०४९ रुपये. हा साडेबारा हजारांचा फरक वाचवायला अनेक जण पांढऱ्या पाटीवर भाड्याचा माल किंवा शाळेची मुलं नेतात. अपघात झाला की विमा कंपनी वापराचं कारण दाखवून तुमचा दावा नाकारू शकते. जखमी माणसाला न्यायालयाने भरपाई द्यायला लावली तरी ती रक्कम पुन्हा मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग कंपनीला मिळू शकतो. साडेबारा हजारांसाठी घर पणाला लावणं कुठल्याही हिशेबात बसत नाही. पिवळ्या पाटीची भीतीही वाटते तेवढी खरी नाही : एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, आणि हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे. लागतो तो फिटनेस, पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि पुढे दर वर्षी. जीएसटीत नोंदणी असलेल्यांनी एक पाहावं : सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांवर १८ टक्के कर आहे, मालवाहू व्हॅन धंद्यासाठी घेतली तर तो क्रेडिट म्हणून मिळू शकतो, तीच गाडी माणसांच्या सीटची घेतली तर बहुतेकांना मिळत नाही. आपल्या सीएला पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

जुनी व्हॅन घेऊन हे सगळंच टाळावं, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. जुनी ओम्नी स्वस्त, कुणीही दुरुस्त करतो, हे खरंच आहे, तिने १९८४ पासून देशाचा माल आणि मुलं वाहिली. पण तिचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आणि तिच्यात चालकाचे पाय पुढच्या पत्र्याला जवळजवळ टेकलेले असतात, मध्ये धक्का झेलायला काही नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोलाही शून्य तारे मिळाले होते. आता नव्या ईकोत सहा एअरबॅग येतात. मुलांना घेऊन जाणाऱ्याने किमतीतला फरक या ओळीशी ताडून पाहावा. हैदराबादेत जुनी गाडी घेताना पुराचा संशय आधी घ्या. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री शहरात असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. सीटच्या रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर आतल्या टोकाला दिसणारी चिखलाची रेघ, फ्यूजच्या डबीतली माती, यांतलं काहीही दिसलं तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा, भिजलेली वायरिंग कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. आणि लातूर-नांदेडहून एमएच पाटीची स्वस्त गाडी आणणार असाल तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथला आजीव कर आणि बारा महिन्यांच्या आत टीजी पाटीची नोंदणी हे तीनही खर्च किमतीत मिळवून मग ती स्वस्त आहे का ते ठरवा.

आता परत त्या पहिल्या हिशेबाकडे. घसारा आणि विमा मिळून लाखभर रुपये गाडी चालली तरी जातात, उभी राहिली तरी जातात. वर्षाला १५,००० किलोमीटर असतील तर ते किलोमीटरला पावणेसात रुपये होतात, ५,००० असतील तर वीस. इंधन आणि देखभाल धरून या दुसऱ्या घराला किलोमीटर पंचवीस रुपयांच्या पुढे पडतो. लग्नसराईतले चार महिने आणि वर्षातून एखादी बासरची किंवा पंढरपूरची फेरी एवढंच काम असेल, तर ओळखीच्या, वेळेवर येणाऱ्या दोन व्हॅनवाल्यांचे नंबर जपून ठेवा, हंगामाआधी त्यांना थोडी उचल देऊन तारखा धरा. आणि ज्यांचं काम रोजचं आहे त्यांनी गाडी दारात आली त्याच दिवशी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शंभर पानी वही ठेवावी : तारीख, मीटरचा आकडा, काय बदललं, किती लागले, आणि गाडी उभी राहिली असेल तर शेवटच्या रकान्यात दिवस.